तीनशे सत्तावीस रेघा

वादळ होऊन आठ दिवस झाले तरी हमरापूरच्या वाटेवर विजेचे खांब आडवेच होते. तारांवरून चाक जाऊ न देता दिनानाथ मोटरसायकल हळूहळू पुढे काढत होता. सकाळी वरसेहून निघताना आई म्हणाली होती, "लोकांच्या पडझडीचे फोटो काढत फिर तू. आपल्या न्हाणीघरावर पत्रा कधी चढायचा?" पत्रा मिळतच नव्हता. रोह्यात नव्हता, निडीला नव्हता. नागोठण्यात एका दुकानात होता, पण तो दुकानदाराने बायकोच्या माहेरच्यांसाठी राखून ठेवला होता.

दिनानाथ वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाला होता. झाडाझुडपांशी संबंधित नोकरी मिळेना, म्हणून पेणला हैबतराव सर्व्हेअरांच्या हाताखाली लागला. कुणी विमा कंपनीकडे भरपाई मागितली की जागेवर जायचं, मोजायचं, फोटो काढायचे आणि अहवाल लिहायचा, हे त्याचं काम. हैबतरावांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "डोळ्यांना दिसेल ते एका रकान्यात, कानांवर पडेल ते दुसऱ्या. दोन्हींची खिचडी केलीस तर घरी बस." दिनानाथला ते पटलं होतं. प्रयोगवहीतही निरीक्षण आणि अनुमान वेगवेगळं लिहावं लागायचं.

आजच्या कागदावर नाव होतं गुणाजी म्हात्रे, गणपतीचा कारखाना. कारखाना म्हणजे घरामागची लांबट शेड. हमरापुरात घराघराला अशी एक शेड, आणि वर्षाचे दहा महिने सगळं कुटुंब मातीत नाहीतर रंगात. या शेडीची पश्चिमेकडची भिंत पूर्ण बसली होती, छपराचे वासे उघडे पडले होते. आत निळ्या ताडपत्रीखाली मातीचा ढीग होता. त्यातून कुठे सोंड दिसत होती, कुठे मांडी घातलेला पाय.

दारात एक तरुण उभा होता. डोळे तांबारलेले, दाढी वाढलेली, मास्क हनुवटीवर.

"गुणाजी म्हात्रे?" दिनानाथने विचारलं.

"ते गेले," तरुण म्हणाला. "मी जनू. पुतण्या त्यांचा. उद्या दहावा हाय."

दिनानाथ गाडीवरच थांबला. परत जावं की काय, असं त्याला वाटलं. तेवढ्यात आतून बाईचा आवाज आला, "कोण हाय रं?"

"विम्याचा मानूस आलाय, काकी."

"मग बाहेर कशाला उभा केलास? येऊ दे. घरातलं पानी देऊ नको फक्त, सुतकातलं."

गुणाजीची बायको कृष्णाबाई ओट्याच्या कोपऱ्यात पोत्यावर बसली होती. पन्नाशीची, काटक बाई. तिच्या नखांच्या कडांना अजून सोनेरी रंग होता. आठ दिवसांत तो निघाला नव्हता, की तिने काढला नव्हता, कुणास ठाऊक.

"वादळात गेले का?" दिनानाथने हळूच विचारलं. लगेच त्याला वाटलं, आपण हेही रकान्यात भरायलाच विचारलं.

"वादळात नाय म्हनतात," ती म्हणाली. "दुपारी भिंत हलायला लागली तशी घोड्या ओढत बसला. घोड्या म्हंजे त्या लाकडाच्या फळ्या, मूर्ती ठेवायच्या. एकट्यानं चार ओढल्या. पाचवीला भिंत आली. त्याला काय लागलं नाय. संध्याकाळी वारा पडल्यावर इथंच बसला, पानी मागितलं, आन् मी भरून आनेपर्यंत मान टाकली. तलाठी म्हनला, वादळ सरल्यावर मेला. डाक्टरनं काळीज लिहिलं. आता तू काय लिहितोस बघू."

दिनानाथने काहीच लिहिलं नाही. त्याने पिशवीतून टेप काढला आणि कामाला लागला.

शेड चाळीस फूट गुणिले अठरा. भिंत विटांची, नऊ इंची. पत्रे एकोणीस गेलेले, त्यातले सहा मागच्या शेतात सापडलेले. प्रत्येक वस्तूचे चार फोटो: समोरून, डावीकडून, उजवीकडून, आणि शेजारी टेप धरून. मग ढीग. जनूने ताडपत्री ओढली आणि दोघांनी मिळून मूर्तींचे तळ वेगळे काढून मोजले. डोकं, हात, सोंड यांचे कितीही तुकडे झाले तरी तळ एकच असतो, म्हणून तळ मोजायचे, ही युक्ती दिनानाथची. दोनशे बारा तळ भरले. सगळ्या कच्च्या मूर्ती, म्हणजे साच्यातून काढून सुकवलेल्या, रंग न लागलेल्या.

"अर्जात तर दोनशे बारा कच्च्या आणि एकशे त्रेसष्ट तयार, असं आहे," दिनानाथ म्हणाला. "तयार मूर्ती कुठे आहेत?"

जनू काकीकडे बघायला लागला.

"खाडीत," कृष्णाबाई म्हणाली.

"वाहून गेल्या?"

"वाहून कशाला? घातल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, ह्यांना उचलायच्या आधी. आम्हाला सुतक, आमी हात नाय लावला. शेजारची चौदा मानसं आली, टोपल्यांतनं नेले. आधी देव नेले, मग ह्यांना."

दिनानाथने पेन खाली ठेवलं. पॉलिसीच्या चौथ्या पानावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की पाहणी होईपर्यंत नुकसान झालेला माल आहे त्या स्थितीत ठेवावा. तयार मूर्तीची किंमत कच्चीच्या चौपट. कच्चा ढीग समोर होता. ज्याच्यावर सगळा दावा उभा होता, ते या लोकांनी स्वतःच्या हातांनी पाण्यात सोडलं होतं.

"मावशी, थांबायचं होतंत ना. निदान एक फोटो तरी."

"फोन सहा दिवस बंद होते. तू आज आलास." तिने शांतपणे सांगितलं. "डोळे झालेला गणपती मोडका, उघड्यावर, आठ दिस पावसात ठेवायचा? तुझ्या घरी ठेवतील का?"

दिनानाथला आईचा चेहरा आठवला. देव्हाऱ्यातली तसबीर तडकली तरी ती त्याच संध्याकाळी कुंडलिका नदीत सोडायला घेऊन जाते. तरी त्याच्यातला विद्यार्थी गप्प बसेना.

"पण प्राणप्रतिष्ठा तर घरी नेल्यावर होते ना? तोपर्यंत ती माती आणि रंगच, नाही का?"

"भटजींचं तसं असंल," ती म्हणाली. "कारखान्यात दुसरं हाय. डोळे व्हायच्या आधी आमी त्याला मांडीवर आडवा घेतो, कान धरून फिरवतो, पोरं त्याच्या मांडीवर ब्रश ठेवतात. एकदा डोळे झाले की त्याच्याकडं पाठ करून कोन बसत नाय. ह्यांनी शिव्या पन दिल्या नाय त्यांच्यासमोर. बाहेर जाऊन द्यायचे."

जनू एवढ्या दिवसांत पहिल्यांदा हसला असावा. "आन् परत आत येऊन हात धुवायचे," तो म्हणाला.

दिनानाथने दुसरा पुरावा शोधायला सुरुवात केली. वही होती, पण शेडीत होती. तिचा लगदा झाला होता. गुणाजीच्या साध्या फोनला कॅमेरा नव्हता. जनूच्या फोनमध्ये मूर्तींचे फोटो निघाले ते मागच्या वर्षीचे. शेजारच्या चौदा जणांनी टोपल्या वाहिल्याचं लिहून दिलं, सह्या केल्या. दिनानाथने ते कागद कानाच्या रकान्यात लावले.

दुपारी जनू त्याला शेडीच्या मागे घेऊन गेला.

"साहेब, एक बोलू? पेनचा दत्तात्रेय शेठ दोनदा येऊन गेला. साचे मागतो. एक्केचाळीस साचे हायेत, समदे काकाच्या हातच्या मूर्तींवरून पाडलेले. विम्याचे पैसे नाय आले तर भिंत उभी ऱ्हात नाय, आन् भिंत नाय तर काकी साचे देनार. मग हितं कारखाना होता असं सांगायचं फक्त."

"मला समजतंय. पण मी काय करू?"

जनूने ढिगाकडे मान वळवली. "चेहरे धड असलेले साठ-सत्तर तरी निघतील त्यात. रंग घरात हाय. मी आखनी, डोळे काढायचं काम, शिकलोय काकाकडं. तुम्ही तासभर कुठं जाऊन या. आल्यावर जे दिसंल त्याचा फोटो काढा. डोळ्यांना दिसलं ते लिहायचं, असंच ना?"

हैबतरावांचं वाक्य त्याने सकाळी बोलता बोलता जनूला सांगितलं होतं. ते असं परत येईल असं त्याला वाटलं नव्हतं. तो पडक्या भिंतीकडे वळला. गुणाजीने ओढलेल्या चार घोड्या मधोमध तशाच वाकड्या उभ्या होत्या. वरचे पत्रे उडाले तेव्हा त्यांच्यावरच्या मूर्तीही फुटल्या होत्या. एका माणसाने एकट्याने ओढाव्यात अशा त्या नव्हत्याच.

"गाडीत पेट्रोल कमी आहे," दिनानाथ म्हणाला. "फाट्यापर्यंत जाऊन येतो."

पेट्रोल टाकी अर्धी भरलेली होती. फाट्यावर तो गाडी लावून बसला. आपण काही केलेलं नाही, फक्त पेट्रोल भरायला आलो आहोत, असं त्याने स्वतःला दोनतीनदा सांगितलं. एका तासाऐवजी चाळीस मिनिटांतच तो परत निघाला.

शेडीजवळ पोचला तेव्हा कृष्णाबाई ओट्यावरून उतरून ढिगापाशी उभी होती. जनूच्या हातात बारीक ब्रश होता. समोर विटेवर टेकवलेला एक पांढरा चेहरा, सोंड अर्धी, मुकुट गेलेला. अजून कोरा.

"सुतकात ब्रश धरतोस?" ती विचारत होती. आवाज चढलेला नव्हता.

"काकी, तुझ्यासाठीच."

"माझ्यासाठी नको करू. अरे, हे आंधळेच मोडले ते बरं झालं. कायसुद्धा बघितलं नाय त्यांनी. आता डोळे उघडून त्याला काय दाखवनार हायेस, स्वतःचं मोडलेलं अंग?"

जनूने ब्रश खाली ठेवला. मग ती दिनानाथकडे वळली.

"भरलं पेट्रोल?"

"हो," तो म्हणाला.

"बस मग. उन्हातनं आलास."

त्याला बसायला जनूने आतून एक पाट आणला. दिनानाथ टेकणार, एवढ्यात कृष्णाबाई ओरडली, "तो नको रं! ह्यांचा हाय तो!"

साधा, दोन हात लांबीचा पाट. वरून पांढरा, आणि त्या पांढऱ्यावर मुंग्यांची रांग लागावी तशा बारीक काळ्या रेघा. तांदळाच्या दाण्याएवढी एकेक. ओळींमागून ओळी.

"हे काय आहे?" दिनानाथने विचारलं.

"डोळा काढायच्या आधी ब्रशाचं टोक बघायला लागतं," जनू म्हणाला. "केस फाकला तर डोळा फाकला. म्हनून काका आधी पाटावर एक रेघ मारायचा आन् मग मूर्तीवर हात टेकायचा."

"प्रत्येक मूर्तीला एक?"

"प्रत्येक डोळ्याला. एक रेघ, एक डोळा. कधी चुकला नाय. दर आखातीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, पाटावर नवा सफेदा मारायचा आन् नव्यानं सुरुवात."

दिनानाथ पाटासमोर गुडघे टेकून बसला. कॉलेजात माळरानावरचं गवत मोजताना जमिनीवर दोऱ्याचे चौकोन आखायचे, आणि एकेका चौकोनातली रोपं मोजायची. त्याने कृष्णाबाईकडे दोरा मागितला. तो पाटावर आडवा-उभा ताणून वीस चौकोन केले. प्रत्येक चौकोनाचा फोटो काढला, आकडा लिहिला. बेरीज आली तीनशे सत्तावीस.

चूक झाली असणार, म्हणून त्याने पुन्हा मोजलं, यावेळी खालून वर. तीनशे सत्तावीस. तिसऱ्या वेळी जनूला मोजायला लावलं. तेवढ्याच.

"एकशे त्रेसष्ट मूर्तींच्या तीनशे सव्वीस होतात," दिनानाथ पुटपुटला. "एक जास्त आहे. एखादी रेघ बिघडली असेल, दुसरी मारली असेल."

"ह्यांची रेघ बिघडत नव्हती," कृष्णाबाई म्हणाली. ती पाटाच्या शेवटच्या ओळीकडे बघत होती. थोड्या वेळाने उठून ती घरात गेली आणि दिनानाथ निघेपर्यंत बाहेर आली नाही. पाट न्यायला मात्र तिने आतूनच परवानगी दिली. "ने. पन पुसू नको."

दिनानाथने दोन रात्री खपून अहवाल लिहिला. असा अहवाल त्याने आधी कधी लिहिला नव्हता. कामाची पद्धत, चौकोनांचे वीस फोटो, तीन वेळा केलेली मोजणी, चौदा जणांचे जबाब. जास्तीच्या रेघेबद्दल त्याने लिहिलं, 'कारण समजले नाही.' ते गाळलं असतं तर हिशोब सरळ दिसला असता. पण ते त्याने गाळलं नाही.

पेणच्या ऑफिसात हैबतरावांनी सगळी पानं सावकाश वाचली. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"पाट चांगला शोधलास," ते म्हणाले. "बत्तीस वर्षांत असलं काही माझ्या टेबलावर आलं नाही. मी शिफारस करून पाठवतो. पण एक सांगून ठेवतो दिनानाथ, कंपनी मूर्ती मोजते. रेघा मोजत नाही."

"सर, पण रेघ आहे म्हणजे डोळा होता. डोळा होता म्हणजे मूर्ती तयार होती."

"होती. तुला पटलं, मला पटलं. मुंबईत बसलेल्या माणसाला खाडी दिसत नाही."

पत्र आलं ते जुलैच्या शेवटी. भिंत, पत्रे आणि दोनशे बारा कच्च्या मूर्तींची भरपाई मंजूर, त्यातून वापराची घट वजा. एकशे त्रेसष्ट तयार मूर्तींचा दावा, अवशेष न दाखवल्यामुळे, नामंजूर. जी रक्कम उरत होती, तीत पत्रे आले असते, भिंत आली नसती. पाटाचा पत्रात कुठे उल्लेखच नव्हता.

पत्र पोस्टानेही गेलं असतं. पण पाट परत द्यायचा होता. दिनानाथने तो वर्तमानपत्रात गुंडाळून मागच्या सीटला बांधला.

कृष्णाबाईच्या अंगणात टेंपो उभा होता. जनू आणि शेठची दोन माणसं साचे भरत होती. रबराचे नरम साचे, बाहेरून कडक कवचं, प्रत्येकावर गुणाजीच्या अक्षरात नंबर. जनूने दिनानाथकडे बघितलं आणि पत्रात काय आहे ते त्याला विचारावं लागलं नाही. म्हणजे यांनी वाट बघितलीच नव्हती. की बघून संपली होती.

"उद्यापासून मी पन शेठकडंच," जनू म्हणाला. "आखनीला. काकाचेच साचे, माझाच हात. फक्त शेड दुसऱ्याची."

"आनलास का?" कृष्णाबाईने ओट्यावरून विचारलं. पत्राबद्दल नव्हे. दिनानाथने पाट सोडून तिच्यासमोर ठेवला. तिने कागदाचा चुरा फुंकून काढला आणि शेवटच्या ओळीवरून, रेघेला न टेकवता, बोट फिरवलं.

"मावशी, माझ्याकडून झालं नाही."

"तुझ्या हातात काय होतं, बाला? तू मोजलंस की." तिचं बोट शेवटच्या रेघेपाशी आलं. "ती एक जास्तीची लिहिलीस का?"

"लिहिली. कारण समजलं नाही, असं लिहिलं."

"खोटं नाय लिहिलंस ते बरं केलंस. ये आत."

घरात खाटेखाली एक पेटी होती. तिने ती ओढली, वरचं धुवट लुगडं बाजूला केलं आणि दोन्ही हातांनी एक मूर्ती बाहेर काढून पाटावर ठेवली. वीतभर उंचीची, बसलेली. अंग केशरी, पितांबर पिवळा, सोनेरी किनार तिच्याच हातची. कुठे टवकासुद्धा उडालेला नव्हता. उजवा डोळा काळाभोर, ओला वाटावा असा. डाव्या डोळ्याच्या जागी नुसता गुळगुळीत केशरी रंग.

"हा काढत होते, तवा भिंत हलली," ती म्हणाली. "हातातला तसाच घरात आनून खाटेवर ठेवला आन् गेले घोड्या ओढायला. मला तवा कळलं नाय. तू बेरीज सांगितलीस तवा बघितला."

दिनानाथ खाली बसला. तीनशे सत्तावीसाव्या रेघेचं कारण त्याच्यासमोर होतं. आता कोणत्याही अहवालात त्याला जागा नव्हती.

"जनू काढेल दुसरा," तो म्हणाला.

"काढंल. त्याचा हात चांगला हाय." तिने मान हलवली. "पन मग हा जनूचा होईल. आता हा ना मातीत, ना देवांत. खाडीत घालता येत नाय, पुजता येत नाय. ऱ्हाऊ दे माझ्याजवळ."

बाहेर टेंपोचं फाळकं आपटून लागलं. तिने तिकडे बघितलं नाही.

"एक काम कर," ती म्हणाली. "त्यांच्या कामाचा एकपन फोटो नाय घरात. तुझ्या पद्धतीनं काढ. चारी बाजूंनी."

दिनानाथने मूर्ती दाराच्या उजेडात घेतली. समोरून, डावीकडून, उजवीकडून. मग टेप शेजारी उभा धरला आणि चौथा काढला. सवयीने वही उघडली आणि रकाने भरत गेला. वस्तू: गणेशमूर्ती, मातीची. उंची: नऊ इंच. कारागीर: गुणाजी म्हात्रे. शेवटच्या रकान्याशी त्याचं पेन थांबलं.

"काय लिहितोस तिथं?"

"नुकसान किती, ते लिहायचं असतं."

"मग लिही की."

त्याने मूर्ती पुन्हा एकदा वळवून पाहिली, तळ पाहिला, सोंडेचं टोक पाहिलं. दिसेल तेच लिहायचं होतं. त्याने लिहिलं, 'नाही.' आणि तिला वाचून दाखवलं.

"बरं," कृष्णाबाई म्हणाली, आणि लुगड्याची घडी उलगडली.